सतरावी स्लाइड

इसेमोरी कंपनीत कुठलाही निर्णय बैठकीत होत नसे. बारसं जसं बाळ जन्मल्यावर करतात, तशी बैठक ही निर्णय झाल्यावर करायची गोष्ट होती. मातीच्या हंड्या बनवणाऱ्या या कंपनीला जपानातल्या योक्काइचीत एक्याण्णव वर्षं झाली होती, आणि त्या एक्याण्णव वर्षांत बैठकीत बसलेल्या कुणाला काही नवीन कळलं, असं एकदाही घडलं नव्हतं. घडू नये म्हणून तीन पिढ्यांनी जिवाचं रान केलं होतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहाला 'नुकुमी'चं सादरीकरण ठरलं होतं. नुकुमी म्हणजे एकट्यापुरती छोटी हंडी. पिकल्या काकी फळासारखा नारिंगी रंग, वर गोल झाकण, आत एका माणसाच्या जाड उदोन शेवया किंवा भाताची पेज मावेल एवढी जागा. ती एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी होती. अशी माणसं देशात दरवर्षी वाढत होती, त्यामुळे विक्रीविभागात आनंदीआनंद होता.

सादरीकरणासाठी तिघांचा गट नेमला होता. विभागप्रमुख नागुरा साहेब गटाचे म्होरके. विक्रीविभागाचे तोकोरो-सान स्लाइड बनवणारे. ते नुकतेच नागोयाला जाऊन 'प्रभावी सादरीकरण' हा दोन दिवसांचा वर्ग करून आले होते आणि अजून त्यातून बाहेर आले नव्हते. तिसऱ्या चिगुसा उमेनो. चाचणीच्या स्वयंपाकघरात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. नवी हंडी आली की ती गॅसवर चढवायची, त्यात शिजवायचं, उतरवायची, निववायची, परत चढवायची, आणि काय झालं ते पत्रकावर लिहून खाली आपला शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. सादरीकरणात त्यांच्याकडे स्लाइड पुढे सरकवायचं बटण होतं.

"सर्वांत महत्त्वाचं काम तुमच्याकडे आहे, उमेनो-सान," नागुरा साहेब म्हणाले होते. "बटण चुकलं की सगळंच चुकलं."

"हो, साहेब," चिगुसाबाई म्हणाल्या होत्या.

त्या रोज पहाटे घरच्या बुद्धवेदीपुढे पहिल्या वाफेचा भात ठेवत, पाणी ठेवत, सूत्र म्हणत आणि दोन नेम मनाशी घोकत. खोटं बोलायचं नाही, आणि गरज नसताना बोलायचं नाही. दुसरा नेम पाळायला कंपनी फार सोयीची होती. पहिला जरा जड जाई.

अडचण एवढीच होती की नुकुमी फुटत होती.

प्रत्येकच फुटत नव्हती. चिगुसाबाईंनी वीस हंड्या तीस-तीस वेळा तापवल्या होत्या. त्यांतल्या तीन हंड्यांच्या बुडाला तिसावी खेप यायच्या आत आरपार तडा गेला. एक तर चुलीवरून ताटाकडे नेतानाच दुभंगली आणि उकळता रस्सा बाईंच्या पायावर आला. आठवडाभर पट्टी होती. पत्रकात भाजल्याचा रकाना नव्हता म्हणून ते त्यांनी लिहिलं नाही. तड्याचं मात्र लिहिलं.

कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. भट्टी नऊ तास कमी लावायची टूम यंदा निघाली होती, आणि ती टूम कार्यकारी संचालक इगाराशी साहेबांची होती. साहेबांची टूम म्हटल्यावर तडा भट्टीमुळे गेला असणं शक्यच नव्हतं.

सप्टेंबरात गटाची पहिली तयारीबैठक झाली. तोकोरो-सानांनी चौतीस स्लाइड आणल्या होत्या.

"वर्गात सांगितलंय, आधी गोष्ट सांगायची," ते म्हणाले. "आकडे नंतर. ही बघा आपली आजी."

पडद्यावर एक आजी आली. सोनेरी केस, निळे डोळे, हातात काटाचमचा.

"ही कुठली आजी?" नागुरा साहेब चष्मा पुसत म्हणाले.

"फुकटात हीच मिळाली, साहेब."

"फार खूश दिसतेय. एकटी माणसं एवढी खूश नसतात."

"उदास दाखवली तर हंडी घेऊन उदास झाली असं वाटेल."

"मग मध्यम दाखवा. मध्यम खूश."

मध्यम खूश आजी शोधण्यात पाऊण तास गेला. मग नमस्काराला खाली वाकायचं कितपत, सुरुवातीला तीस अंशात की पंचेचाळीस, यावर वीस मिनिटं. मग निळा रंग बदलून जरा कमी निळा झाला. शेवटी सतरावी स्लाइड आली. ती चिगुसाबाईंनी दिलेली होती. पांढऱ्या पानावर एकच ओळ: *वीसपैकी तीन हंड्यांच्या बुडाला तीस तापवण्यांच्या आत तडा गेला.*

नागुरा साहेबांनी हवा आत ओढून दातांतून सोडली.

"उमेनो-सान, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे," ते म्हणाले. "म्हणूनच ते असं उघडं ठेवता येत नाही."

"पण साहेब, हे म्हाताऱ्या माणसांच्या हातात..."

"तेच तर. तुमच्या भावना पोचल्या. आधी सगळ्यांना भेटून घेऊ, मग बघू."

सगळ्यांना भेटून घेणं म्हणजे नेमावाशी. जुनं झाड दुसरीकडे लावायचं तर माळी आधी वर्षभर भोवतीची मुळं हळूहळू मोकळी करतो. कचेरीत झाडाच्या जागी कागद असतो. बैठकीला जी अकरा माणसं बसणार, त्या प्रत्येकाच्या दारी आधी जायचं, कागद दाखवायचा, त्याला काय खुपतं ते विचारायचं, ते काढून टाकायचं आणि वाकून परत यायचं. अकराही दारं झाली की कागदात कुणाला खुपेल असं काही उरत नाही. पुष्कळदा काहीच उरत नाही.

नागुरा साहेबांनी अकरा नावांची यादी केली. ज्याची भेट झाली त्याच्यापुढे टीक करायचं काम चिगुसाबाईंना दिलं. मग तिघांची प्रदक्षिणा सुरू झाली.

पहिलं दार दर्जाविभागाचं. तिथले प्रमुख सतराव्या स्लाइडकडे असे बघत राहिले, जसं देवळात चप्पल घालून आलेल्याकडे बघतात.

"'तडा' हा शब्द जरा कठोर नाही का?" ते म्हणाले. "ऐकूनच धस्स होतं. 'बारीक रेघ दिसून आली' म्हणा."

"रेघ नव्हती हो, आरपार..." चिगुसाबाई म्हणाल्या.

"आरपार रेघ," प्रमुख समजुतीने म्हणाले. "शेवटी रेघच."

टीक.

दुसरं दार हिशेबविभागाचं. त्यांना 'तीन' खुपलं. आकडा दिला की लोक मोजायला लागतात, असं त्यांचं चाळीस वर्षांच्या नोकरीनंतरचं मत होतं. तीनचं 'काही' झालं. तिसऱ्या दारी कुणीतरी सुचवलं की सतरा हंड्यांना काहीच झालं नाही ही केवढी मोठी गोष्ट, ती का लपवता? त्याने ओळीचं तोंडच फिरलं: *बहुतेक हंड्या उत्तम टिकल्या, काहींवर बारीक रेघ दिसून आली.* चौथ्या आणि पाचव्या दारी 'दिसून आली' यावर मतभेद होते, ते मिटवायला दोन दिवस लागले. टीक, टीक, टीक.

आठवं दार प्रसिद्धिविभागाचं. तिथल्या बाई कागद वाचून एकदम उजळल्या.

"अहो, हे तुम्ही सतराव्या पानावर काय दडवलंय? हाताने घडवलेल्या मातीची ही तर ओळख! प्रत्येक हंडीची रेघ वेगळी! जसा प्रत्येक माणसाचा एकटेपणा वेगळा!"

तोकोरो-सानांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते तिथेच टिपून घेतलं.

दहावं दार इगाराशी साहेबांचं. साहेबांनी नवी स्लाइड वाचली. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: *नुकुमी: प्रत्येकीची रेघ वेगळी, जशी आपली.* साहेब दोनदा हुंकारले.

"चाचणीविभागाकडून इतकं सुंदर काही येईल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "हे खोक्यावरच छापा. उमेनो-सान म्हणजे तुम्हीच ना?"

चिगुसाबाईंनी मान खाली घातली.

"साहेब, ती भांडी फुटली होती," त्या म्हणाल्या. पण त्या इतकं हळू बोलल्या, आणि नागुरा साहेब त्याच क्षणी इतक्या मोठ्याने खोकले, की ते वाक्य त्या खोलीत बोललं गेलं असं म्हणता येणार नाही.

जिन्यात नागुरा साहेब थांबले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या घरी दोन मुली शिकत होत्या आणि निवृत्तीला चार वर्षं उरली होती.

"उमेनो-सान, मला काय कळत नाही का?" ते म्हणाले. "पण दहा जण हो म्हणाल्यावर मी एकट्याने आडवं पडायचं, तर ते बरं दिसतं का?"

"नाही, साहेब."

"आणि बाजारात गेल्यावर काही झालं, तर तुमचं पत्रक आहेच की शेवटच्या पानाला जोडलेलं. तुम्ही सांगितलं होतं, हे कागदावर आहे."

चिगुसाबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. पत्रकावर त्यांचा शिक्का होता, म्हणजे कुणाचा पाय भाजला तर लपवाछपवी त्यांची ठरणार नव्हती, हे साहेबांचं म्हणणं खरंच होतं. पण त्यांच्या घराच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून, ब्याऐंशी वर्षांच्या योनेयामा आजी राहत. कर्मचाऱ्यांसाठी नुकुमीची आगाऊ नोंदणी सुरू झाली तेव्हा आजींनी हक्काने सांगितलं होतं, "चिगु-चान, माझं नाव पहिलं घाल हं. मोठी हंडी मला आता उचलत नाही." आजींचे हात कापत. त्यांना पत्रक दाखवून काय उपयोग होता?

यादीत आता एकच नाव उरलं होतं. कुसाका-सान, वय अठ्ठ्याऐंशी, मानद सल्लागार. ते पूर्वी भट्टीवर होते, मग भट्टीप्रमुख, मग बारा वर्षं अध्यक्ष. निवृत्त झाल्यावर त्यांना तिसऱ्या मजल्याच्या टोकाला सपातांच्या मांडणीशेजारी एक खोली, एक खुर्ची आणि दर बैठकीत एक वाक्य देण्यात आलं होतं. मतही नाही, शिक्काही नाही.

"त्यांनाही कागद देऊन या," शुक्रवारी नागुरा साहेब म्हणाले. "वाईट वाटायला नको. आणि त्यांचं नेहमीचं वाक्य आहे ना, 'छान आहे, जपून करा', ते याही वेळी चालेल म्हणावं."

चिगुसाबाईंनी चहा केला, कागद काखेत धरला आणि खोलीत गेल्या. म्हातारबुवा भिंगातून वर्तमानपत्र वाचत होते.

"कोण? चाचणीतली ना तू? ये," ते म्हणाले. "मंगळवारी मी काय बोलायचं ते सांगायला आलीस?"

चिगुसाबाई दारातच थबकल्या.

"सगळे तेवढ्यासाठीच येतात," म्हातारबुवा हसले. त्यांना राग नव्हता, ते नुसतं हवापाणी सांगावं तसं बोलत होते. "एकोणीस वर्षं झाली. येतात, सांगतात, वाकतात, जातात. आधी सगळं कळलेलं असतं ना, मग बैठकीत विचारायला तोंडच राहत नाही. 'कुसाका-सान, आपल्याला सांगितलं होतं की' म्हटलं की संपलं. सांगितलं तर होतंच."

बाईंनी चहाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. काखेतला कागद एकदम जड झाल्यासारखा वाटला. बैठकीला अकरा माणसं बसणार होती. त्यांतल्या दहा जणांना माहीत होतं, म्हणून ते विचारणार नव्हते. विचारू शकेल असा माणूस म्हणजे ज्याला अजून सांगितलेलं नाही तो.

"बोल की," म्हातारबुवा म्हणाले.

"नाही," चिगुसाबाई म्हणाल्या. "चहा द्यायला आले होते."

आणि वाकून, कागद होता तसा काखेत घेऊन, त्या बाहेर आल्या. एकोणीस वर्षांत त्यांनी साहेबांचं सांगणं मोडलं नव्हतं.

"झालं सगळ्यांचं?" नागुरा साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"कुसाका-सानांना चहा देऊन आले," चिगुसाबाई म्हणाल्या.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण इसेमोरी कंपनीत म्हातारबुवांना नुसता चहा द्यायला कुणी कधी गेलं नव्हतं. चहा म्हणजे कागद, हे गृहीतच होतं. स्पष्ट विचारणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, आणि नागुरा साहेब तसे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी यादी मागितली नाही. मागितली असती तर अकराव्या नावापुढची जागा कोरी दिसली असती. त्या रात्री चिगुसाबाईंनी वेदीपुढे नेहमीच्या दुप्पट सूत्र म्हटलं. आपण खोटं बोललो नाही हे त्यांना पटत होतं. आपण सरळ वागलो, हे मात्र पटेना.

मंगळवार उजाडला. लांबलचक टेबलापुढे अकरा जण हुद्द्याप्रमाणे बसले. प्रत्येकापुढे एकेक नुकुमी, पाण्याची बाटली आणि त्रेसष्ट पानांचं पुस्तक. गटाने पंचेचाळीस अंशात वाकून सुरुवात केली. तोकोरो-सानांना वर्गात सांगितलं होतं की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत बघून बोला, पण अकरापैकी सात जणांचे डोळे मिटलेले होते. ते झोपले होते असं कुणी म्हणणार नाही. ते गहन विचारात होते. एक-दोघांचा विचार तर घोरण्याइतका गहन होता.

नागुरा साहेब स्लाइडवरचा शब्द न् शब्द वाचत. चिगुसाबाई बटण दाबत. मध्यम खूश आजी आली आणि गेली. नवव्या स्लाइडला हिशेबविभागाच्या प्रमुखांनी ठरल्याप्रमाणे प्रश्न विचारला. नागुरा साहेबांनी ठरल्याप्रमाणे क्षणभर विचारात पडून, खिशातल्या चिठ्ठीवरून उत्तर दिलं. "अत्यंत मार्मिक प्रश्न," इगाराशी साहेब म्हणाले. तेही ठरलेलं होतं.

सतरावी आली. सोनेरी अक्षरं. *प्रत्येकीची रेघ वेगळी, जशी आपली.*

नागुरा साहेब वाचून पुढे जाणार, एवढ्यात टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

"ही रेघ बाहेरूनच आहे, की आतूनही?"

चिगुसाबाईंचं बोट बटणावरच राहिलं. सात जणांचे डोळे उघडले. म्हातारबुवा आपल्यापुढची हंडी उलटी करून बुडावरून अंगठा फिरवत होते.

नागुरा साहेबांनी खिशातली चिठ्ठी काढली, पाहिली, परत ठेवली. त्या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीत नव्हतं, कारण तो प्रश्न ठरलेल्यांत नव्हताच.

"कुसाका-सान, आपली सूचना अत्यंत मोलाची आहे," ते म्हणाले. "ती आम्ही परत घेऊन जाऊ आणि तिच्यावर विचार करू."

"परत कुठे घेऊन जाता?" म्हातारबुवा म्हणाले. "भांडं इथं आहे, तुम्ही इथं आहात, मीही अजून इथंच आहे. लेपाला रेघ आली तर ती दिसायला छान. पण मातीला आतून आली तर भांडं गेलं. कुठली आहे?"

इगाराशी साहेब गोड हसले. "कुसाका-सान, याबद्दल आपल्याला सांगितलं होतं की."

"नाही," म्हातारबुवा म्हणाले. "मला कुणी काही सांगितलं नाही."

दहा माना नागुरा साहेबांकडे वळल्या. नागुरा साहेबांची मान चिगुसाबाईंकडे वळली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. बोलायचं आपल्याला नाही, आपण फक्त न सांगून आलो, पुढचं म्हातारबुवा बघतील, असं चिगुसाबाईंनी धरलं होतं. बिचाऱ्यांनी प्रश्न विचारला खरा, पण उत्तर त्यांच्याकडे कुठे होतं?

म्हातारबुवांनी भिंग काढलं आणि पुस्तक मागून उघडलं. कंपनीत पुस्तक मागून उघडण्याची पद्धत नव्हती, म्हणूनच पत्रक तिथे जोडलेलं होतं.

"चाचणीपत्रक. शिक्का उमेनो," त्यांनी वाचलं. "उमेनो कोण?"

तोकोरो-सान छताकडे बघू लागले. नागुरा साहेबांनी अगदी बारीक मान हलवली. तिचा अर्थ सगळ्या कंपनीला कळत होता: 'तपासून कळवते' म्हणा. एवढं म्हटलं की सगळं निभावलं असतं. महिनाभर तपासलं असतं, तोवर खोकी छापून झाली असती, आणि योनेयामा आजींच्या गॅसवर नुकुमी चढली असती.

"मी," चिगुसाबाई म्हणाल्या. बटण हातातच होतं. "आतून आहे. आरपार. वीस हंड्या तीस वेळा तापवल्या, त्यांतल्या तीन फुटल्या. एक हातात असतानाच फुटली. माझा पाय भाजला. ते पत्रकात नाही, तिथे रकाना नव्हता."

त्या इतकं हळू बोलल्या की अकरा जण ऐकायला पुढे वाकले. ऐकणारे आपोआप पुढे वाकतात ते खरं सादरीकरण, असं नागोयाच्या वर्गात शिकवलं होतं. तोकोरो-सानांनी ते प्रत्यक्ष घडताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि सवयीने टिपून घेतलं.

"नऊ तास कमी भाजल्याने झालं, असं मला वाटतं," बाई म्हणाल्या. "जुन्या पद्धतीने भाजलेल्या वीसही घेतल्या होत्या मी. त्यांतली एकही फुटली नाही. मला माफ करा."

आणि त्या वाकल्या. कितीही अंशात नाही, नुसत्या वाकल्या.

प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून आपलं मत काय आहे ते शोधत होता. अध्यक्ष इसेमोरी हे संस्थापकांचे नातू. त्यांना शेवटी एकच वाक्य म्हणायचं होतं, 'सर्वानुमते पुढे जाऊ.' ते त्यांच्यापुढे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं होतं. त्यांनी त्या वाक्याकडे पाहिलं, म्हातारबुवांकडे पाहिलं, आपल्यापुढची हंडी दोन बोटांनी जरा लांब सरकवली.

"मग... सर्वानुमते," ते म्हणाले, "थांबू."

दहा माना एकदम हलल्या. इगाराशी साहेबांची सर्वांत आधी.

"मीही तेच म्हणणार होतो," ते म्हणाले.

नुकुमी वसंतावर गेली. भट्टीला नऊ तास परत मिळाले. बैठकीचं इतिवृत्त संध्याकाळी आलं, त्यात लिहिलं होतं की कार्यकारी संचालकांच्या मार्गदर्शनाखाली सखोल चर्चा होऊन दर्जाच्या दृष्टीने आणखी सुधारणा करण्याचं ठरलं. तडा, तीन आणि उमेनो हे शब्द त्यात कुठे नव्हते.

नागुरा साहेबांनी चिगुसाबाईंना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"तुम्ही 'चहा देऊन आले' म्हणालात," ते म्हणाले.

"दिला होता, साहेब."

"नुसता चहा?"

"हो. तुमच्याशी मी सरळ वागले नाही. त्याची जी शिक्षा असेल ती द्या."

नागुरा साहेबांनी हवा दातांतून ओढून सोडली. "शिक्षा कसली? कशाबद्दल दिली ते लिहावं लागेल," ते म्हणाले. "पण अकराही जणांना त्रास झाला. प्रत्येकाच्या दारी जाऊन माफी मागून या. मांजू मिठाईचा खोका घेऊन. मी येत नाही. मला... मला घेऊन जाऊ नका एवढंच."

लाल घेवड्याचं पुरण भरलेल्या मांजूंचे अकरा खोके घेऊन चिगुसाबाई निघाल्या. दर्जाविभागाचे प्रमुख खोका ठेवून घेत हळूच म्हणाले, "खरं सांगू? मला पहिल्याच दिवशी शंका आली होती." हिशेबविभागाचे म्हणाले, "आकडा असू द्यायला हवा होता, मी म्हणत होतो." प्रसिद्धीच्या बाईंनी तर त्यांचे दोन्ही हात धरले. "'तडा'च बरा होता हो. थेट काळजाला भिडतो." एकेक करत दहाही दारी त्यांना कळलं की नुकुमी फुटणार हे सगळ्यांना आधीपासून वाटत होतं, आणि इतक्या दक्ष माणसांत आपण एकोणीस वर्षं काढली याचं त्यांना नवल वाटलं.

इगाराशी साहेबांनी खोका तिथेच उघडून एक मांजू खाल्ली.

"उमेनो-सान," ते तोंड पुसत म्हणाले, "ती नऊ तासांची कल्पना मुळात कुणाची होती हो?"

चिगुसाबाई गप्प राहिल्या. हे बोलायची गरज नव्हती.

"मलाही आठवत नाही," साहेब खुशीत म्हणाले.

शेवटचं दार सपातांच्या मांडणीशेजारचं. म्हातारबुवांनी खोका हातात घेतला, वजन पाहिलं, बाजूला ठेवला.

"त्या दिवशी काखेत कागद होता तुझ्या," ते म्हणाले.

"हो."

"मुद्दाम नाही दिलास?"

"मुद्दाम," चिगुसाबाई म्हणाल्या. "आपला मी वापर करून घेतला. मला माफ करा."

म्हातारबुवांनी भिंग खाली ठेवलं. चष्म्याआडचे डोळे लहान मुलाच्यासारखे चमकत होते.

"वसंतात परत बैठक असेल ना याची?"

"असेल."

"आता ते आधी माझ्याकडेच येतील. सगळ्यांच्या आधी. सगळं सविस्तर सांगून जातील, दोनदा सांगतील." त्यांनी उसासा टाकला. "म्हणजे मी संपलो. आता कुणाला न सांगता ठेवशील?"

चिगुसाबाईंनी विचार केला. खरंच कुणी उरलं नव्हतं.

"मग त्या वेळी मलाच, कुणी न विचारता, बोलावं लागेल," त्या म्हणाल्या, आणि आपलंच वाक्य ऐकून जरा दचकल्या.

"लागेल बुवा," म्हातारबुवा म्हणाले. "पण जरा मोठ्याने बोल. मला कमी ऐकू येतं."